मास्तरांचं पथ्य

चौकातल्या शिंप्याच्या दुकानात कुणी पँट शिवायला टाकली, की मास्तर कंबरेला टेप लावता लावताच त्याच्या पोटाची चौकशी करत. "पट्टा घट्ट बांधता का? जेवल्यावर छातीत जळजळतं? आंबट ढेकर घशाशी येतात?" गिऱ्हाईक दोन्ही हात वर करून उभं असायचं, पळून जायची सोय नाही. ते बिचारं हो म्हणायचं. मग मास्तर कंबर बोटभर सैल धरायचे आणि कापड बाजूला ठेवून व्याख्यानाला सुरुवात करायचे.

व्याख्यान पाठ होतं, पण चांगलं होतं, हे कबूल करायला हवं. रात्रीचं जेवण झोपेच्या तीन तास आधी उरकायचं. पोटाला तडस लागेपर्यंत जेवायचं नाही, त्यापेक्षा थोडं थोडं चार वेळा खावं. घास सावकाश चावायचा. जेवून लगेच आडवं व्हायचं नाही, वाकायचंही नाही. पलंगाच्या उशाकडचे पाय ठोकळे लावून वीतभर उचलायचे. नुसत्या उशा रचल्या तर पोटच दुमडतं, फायदा काही नाही. झोपायचं डाव्या कुशीवर. चहा-कॉफी बेताची, तळलेलं बंद. बडीशेप चघळली, आल्याचं कोमट पाणी घेतलं, तर कुणाकुणाला बरं वाटतं, पण खरा उतारा सवयी बदलण्यातच आहे. "आणि हे बघा," मास्तर टेप गळ्यात टाकत म्हणायचे, "घास अडकायला लागला, नाहीतर वजन उतरायला लागलं, तर माझ्याकडे यायचं नाही. सरळ डॉक्टर गाठायचा."

हे शेवटचं वाक्य ते फार जबाबदारीनं म्हणत. पाठीमागे लोक त्यांना जळजळ मास्तर म्हणायचे. ते त्यांच्या कानावर आलं होतं आणि त्यांना ते मनातून आवडलंही होतं.

ही विद्या मास्तरांनी काही पुस्तकात वाचली नव्हती. पावणेदोन वर्षांपूर्वी त्यांची स्वतःचीच जळजळ इतकी वाढली होती, की दुपारी जेवून मशीनवर वाकलं की घशात आंबट पाणी यायचं आणि हातातली शिवण वाकडी जायची. बायकोनं त्यांना धरून डॉक्टरकडे नेलं. तिला धसका होता. तिचा थोरला भाऊ अशीच जळजळ वर्षानुवर्षं हसण्यावारी नेत राहिला आणि शेवटी अन्ननलिकेच्या आजारानं गेला. डॉक्टरनं तपासलं, घाबरण्यासारखं काही नाही म्हणाला, सवयी सांगितल्या आणि वर एक गोष्ट सांगितली. कशानं जळजळतं ते प्रत्येकाचं वेगळं असतं. काय खाल्लं ते लिहीत जा, संशय आला तर तो पदार्थ बंद करून बघा.

बायकोनं ते वाक्य उचललं. मास्तर कपड्यांचे नमुने ज्या खाकी कागदावर कापत, त्याचा एक हातभर तुकडा तिनं स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. घरात शिजणारा आणि खाल्ला जाणारा एकूणएक पदार्थ त्यावर पेन्सिलीनं लिहिला. ज्या दिवशी जळजळ होईल, त्या दिवशीचा संशयित खोडायचा. आणि तिनं आणखी एक ठरवलं. "तुम्ही मिळमिळीत गिळणार आणि मी तुमच्यासमोर बसून चमचमीत खाणार, हे काही माझ्याच्यानं व्हायचं नाही. दोघांना एकच ताट."

मास्तरांनी पलंगाखाली ठोकळे घातले. पहिल्या आठवड्यात सकाळी उठल्यावर दोघंही पायथ्याशी घसरून गोळा झालेली असत आणि हसत असत. दुपारी जेवणानंतर मास्तर मशीनवर न बसता टेबलाशी उभ्यानं कापायचं काम करू लागले. संध्याकाळी सातला पानं मांडली जाऊ लागली. खरं सांगायचं तर पहिल्या दोन महिन्यांत जळजळ जवळजवळ गेली. मास्तरांची व्याख्यानं तेव्हाच सुरू झाली.

माती खाल्ली ती त्यानंतर.

एके दिवशी साडेचारच्या सुमाराला मास्तर गुंड्या आणायला बाहेर पडले. खरोखरच्या गुंड्या, एका गिऱ्हाइकाच्या जाकिटासाठी. गुंड्यांच्या दुकानासमोर बसथांबा होता आणि थांब्याशेजारी एका तळणवाल्याची गाडी. कढईत बटाट्याच्या फोडी उड्या मारत होत्या. दोन महिन्यांचं उकडलेलं, शिजवलेलं, मऊ केलेलं सगळं मास्तरांच्या जिभेवर उभं राहिलं. त्यांनी एक पुडा घेतला, वर लाल तिखट घालून घेतलं आणि कुणी बघायच्या आत उभ्या उभ्या, धड न चावता संपवला. एकाच पुड्यात सगळ्या व्याख्यानाची वाट लागली.

त्या रात्री छाती पेटली. बायको उठून बसली, पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, "आज काय वेगळं झालं? टोमॅटोचं सूप तेवढं होतं."

"तेच असेल," मास्तर म्हणाले.

सकाळी कपाटाच्या दारावर टोमॅटो खोडलेला होता. आता टोमॅटो म्हणजे तिचा जीव. लोक सफरचंद खातात तसा ती टोमॅटो हातात घेऊन, मीठ लावून खायची, मनगटावरून रस ओघळायचा. मास्तर त्या आडव्या रेघेकडे बघत उभे राहिले. लाज वाटली, नाही असं नाही. उद्या सांगू, असं त्यांनी मनाशी ठरवलं. उद्या साडेचारला ते पुन्हा गुंड्या आणायला गेले.

मग त्याला ताळतंत्र राहिलं नाही. रोज नाही, पण आठवड्यातून चार वेळा तरी. रिकाम्या हातानं परत कसं यायचं, म्हणून दर वेळी गुंड्यांचं एक पान विकत घेणं आलं. पुठ्ठ्यावर टाचलेल्या सहा सहा गुंड्या. काळ्या, तपकिरी, शिंपल्याच्या, पितळी. इतक्या गुंड्या लागतील असे कपडे सगळ्या चौकानं मिळून शिवले नसते. मास्तर ती पानं टेबलाच्या खालच्या खणात कोंबत गेले. खण भरला, की दाबून बसवत.

इकडे कपाटाच्या दारावर रेघा वाढत होत्या. टोमॅटोपाठोपाठ कांदा गेला, लसूण गेला, संत्रं गेलं, पुदिना गेला. इथवर ठीक होतं, यांच्यानं कुणाकुणाला त्रास होतोच. पण मग दही गेलं, वांगं गेलं, अंडं गेलं, डाळ गेली. एका मंगळवारी गाजर गेलं. गाजरानं कुणाचं काय घोडं मारलं होतं? मास्तरांना चांगलं ठाऊक होतं की गाजर निर्दोष आहे. ते मूग गिळून बसले आणि त्या दिवसापासून त्यांनी ते कपाट स्वतःच्या हातानं उघडणं सोडून दिलं. रात्री ते डाव्या कुशीवर, भिंतीकडे तोंड करून झोपत. पथ्यच तसं होतं, आणि बायकोकडे बघावं लागत नव्हतं हेही त्यात आलंच.

दीड वर्षात त्या कागदावर चार गोष्टी उरल्या. भात, भोपळा, केळं आणि पाव. मास्तर निदान बटाटे तरी खात होते. बायको तेवढ्या चारच गोष्टी खात होती. ती उतरली. गालफडं बसली, बांगडीएवढं मनगट काडीएवढं झालं. "काय हो, तब्येत काय म्हणते?" असं शेजारणीनं विचारलं, की ती म्हणायची, "माझं काय, यांचं एकदा थांबू दे." मास्तर ते घर आणि दुकान यांच्यामधल्या पडद्यामागून ऐकत आणि मशीन जोरात चालवत.

आता कुणी म्हणेल, रोज कंबरा मोजणाऱ्या माणसाला बायको अर्धी झालेली दिसली नाही? दिसली, पण त्यांनी ती मोजली नाही. शिंप्यांची एक खोड असते, घरच्या माणसाला टेप लावायचा नाही. बायकोच्या मापाचे खाकी कागद अकरा वर्षांपूर्वी कापून मास्तरांनी खिळ्याला लावून ठेवले होते आणि तिचा प्रत्येक कपडा त्यावरून बेतत होते. "अकरा वर्षांत सुताचा फरक नाही," असं ते गिऱ्हाइकांना मिरवून सांगत. अलीकडे ती घरात जाड, ढगळ स्वेटर घालून वावरायची, थंडी वाजते म्हणायची. मास्तरांना ते सोयीचंच होतं.

मग परगावी राहणाऱ्या मुलीचं लग्न ठरलं. नोंदणी कार्यालयात सह्या करायच्या, फोटो काढायचे आणि शेजारच्या हॉटेलात चाळीस माणसांनी जेवायचं, एवढाच बेत. मुलीनं फोनवर सांगितलं, "बाबा, आईला तुमच्या हातचा कोट हवा. लांब, निळा. दुकानातला नको."

मास्तरांनी जीव ओतला. खांदा असा बसवला की शिवण शोधून सापडू नये. अस्तर हातानं टाचलं. बेतला मात्र खिळ्यावरच्या कागदावरून. ट्रायल घेतली नाही. ट्रायल गिऱ्हाइकाची घ्यायची, घरच्या माणसाची काय घ्यायची?

लग्नाच्या दिवशी सकाळी दहाला टपालवाला लग्नाला घालायची दुसरी पँट न्यायला दुकानात आला. तीन महिन्यांपूर्वी पँटच्या मापाला आलेला असताना त्यानं ते सगळं व्याख्यान हात वर करून ऐकलं होतं. बायको निळा कोट हातावर टाकून पडद्याशीच उभी होती. तिला बघून तो म्हणाला, "वहिनी, मास्तरांचे उपकार आहेत बघा. दीड महिना झाला, एक गोळी घेतली नाही. पलंग उचलला, सातला जेवतो. छाती एकदम शांत."

"अगं बाई, बरं झालं," बायको म्हणाली. तिला मनापासून आनंद झाला होता. "काय काय सोडलंत?"

"सोडलं काहीच नाही. तळण तेवढं आणि रात्रीची कॉफी. बाकी सगळं खातो. टोमॅटोसुद्धा."

मास्तर टेबलावरची घडी पुन्हा पुन्हा घालत होते. टपालवाला पँट घेऊन गेला. बायको टेबलाशी आली.

"तुमच्या सांगण्यानं त्यांचं गेलं," ती म्हणाली, "मग तुमचं का जात नाही? त्यांच्यापेक्षा दसपट करतो आपण." मग तिनं स्वतःच्या तळहातांकडे बघितलं. "माझ्याच हाताला काहीतरी आहे. मी शिजवते ना, म्हणून. उद्यापासून केळंही बंद करून बघू."

त्या वेळी धरणीनं पोटात घेतलं असतं तर मास्तरांना चाललं असतं. पण धरणीला दुसरी कामं होती. "आधी कोट घालून बघ," ते म्हणाले, "उशीर होईल."

तिनं स्वेटर काढला आणि कोट चढवला. खुंटीला लावल्यासारखा तो तिच्या अंगावर लटकला. ज्या खांद्यासाठी मास्तरांनी दोन दिवस घालवले होते, तो दंडावर उतरला होता. छातीशी दोन माणसं मावतील इतकी जागा. मास्तरांनी न बोलता गळ्यातला टेप काढला आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा बायकोच्या कंबरेभोवती धरला. आकडा बघून त्यांनी टेप उलटा तर नाही ना, हे तपासलं. टेप सुलट होता.

"वय झालं की उतरतं माणूस," बायको त्यांचीच समजूत घालत म्हणाली.

"अर्ध्या तासात आत घेतो," मास्तर म्हणाले. त्यांनी टाचण्या ओठांत धरल्या आणि पाठीमागून दोन्ही बाजूंनी कापड चिमटीत पकडून टाचायला लागले. तीन तीन बोटं कापड जादा येत होतं. बायको हलली तर टोचेल, म्हणून हात जरा लांब धरून उभी होती. एवढ्यात तिला आठवलं.

"वरची गुंडी लावायची राहिलीय. खणात असेल ना?" आणि वाकता येत नव्हतं म्हणून तिनं पायानंच टेबलाचा खालचा खण ओढला.

खण दाबून भरलेला होता. ओढल्याबरोबर गुंड्यांची पानं घसरून जमिनीवर आली. काळी, तपकिरी, शिंपल्याची, पितळी. कंबर ताठ ठेवून, नुसते गुडघे वाकवून तिनं एक पान उचललं. पुठ्ठ्यावर अंगठ्याएवढा तेलाचा डाग होता. तिनं दुसरं घेतलं, त्यावरही होता. ती पान नाकाशी नेऊन थांबली.

"अहो," ती म्हणाली, "गुंड्यांना तळणाचा वास कसा?"

थाप तयार होती. मशीनला तेल घातलं त्याच हातानं उचलली असतील. दीड वर्षात इतका सराव झाला होता की थाप आपणहून जिभेवर आली. पण ओठांत टाचण्या होत्या. त्या एकेक करून काढेपर्यंत मास्तरांना समोरच्या आरशात बायको दिसत राहिली, टाचलेल्या कोटात हात लांब धरून उभी, उत्तराची वाट बघणारी. तिच्या चेहऱ्यावर संशयसुद्धा नव्हता. ते त्यांना सहन झालं नाही.

"तुझ्या हाताला काही नाही," ते तिच्या पाठीशी बोलले. "बसथांब्यावरच्या गाडीवर मी तळलेले बटाटे खातो. दीड वर्ष. गुंड्या आणायला जातो ते खोटं. जळजळ त्याचीच होती. दर वेळी त्याचीच."

बायकोनं हातातलं पान उलटसुलट करून बघितलं.

"टोमॅटोच्या दिवशी?"

"त्याच दिवशी सुरू झालं."

"गाजर?"

"हो."

"मी एकेक खोडत गेले, ते तुम्ही बघत होतात."

"बघत होतो. सांगायची लाज वाटली. मग जितके दिवस गेले तितकी जास्त वाटत गेली."

"मला वाटलं, दादासारखं होतंय तुम्हाला," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "रात्री तुमचा श्वास ऐकत पडायचे मी. तुम्ही भिंतीकडे तोंड करून झोपायचात, आणि मला वाटायचं, दुखतंय ते लपवताहेत बिचारे."

त्या 'बिचारे'नं मास्तरांची मान जी खाली गेली ती वर येईना. बायकोला रडावंसं वाटलं असेल, चिडावंसंही वाटलं असेल. पण कोट टाचलेला होता, तिला धड बसता येत नव्हतं की निघून जाता येत नव्हतं.

"टाचण्या काढा," ती म्हणाली.

"आत घेतो ना, अर्धा तास आहे अजून."

"घेऊ नका. माप बरोबर आहे कोटाचं. मी भरेन तो परत."

"अगं, असा घालून येणार? लोक काय म्हणतील?"

एवढं सगळं झाल्यावरही हेच तोंडातून निघालं, याची मास्तरांना पुढे कितीतरी दिवस लाज वाटत राहिली. बायको आरशातून त्यांच्याकडे बघत होती.

"जे म्हणायचं ते तुम्हाला म्हणतील," ती म्हणाली. "शिवलाय तुम्ही."

मास्तरांनी टाचण्या काढल्या. खाली वाकून एक पितळी गुंडी उचलली, तिच्या गळ्याशी लावली आणि दोरा दातानं तोडला.

नोंदणी कार्यालयात मुलगी धावत आली आणि तिनं आईला मिठी मारली. तिचे हात आईच्या पाठीशी नको तितके लांब पोचले. ती बाजूला झाली आणि तिनं आईला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. जावयाकडची माणसं, शेजारपाजारची माणसं, मास्तरांची जुनी गिऱ्हाइकं, सगळी बघत होती. कुणीतरी मागून हसत म्हणालं, "काय मास्तर, साऱ्या गावाची मापं बरोबर आणि वहिनींचंच चुकलं?"

"बाबा," मुलगी म्हणाली, "आईचं माप नाही घेतलंत?"

मास्तरांनी बायकोकडे बघितलं. आजवर असल्या वेळी तीच काहीतरी बोलून निभावून न्यायची. आज ती शांतपणे त्यांच्याकडेच बघत होती.

"नाही घेतलं," मास्तर म्हणाले. आपला आवाज मागच्या रांगेपर्यंत जातोय हे त्यांना कळत होतं. "दीड वर्षात ती अर्धी झाली. माझ्यामुळे झाली. मी चोरून गाडीवर खात होतो आणि माझी जळजळ तिच्या स्वयंपाकानं होते असं तिला वाटू देत होतो. मी गप्प राहिलो."

कुणी हसलं नाही. टपालवाल्यानं नजर दुसरीकडे वळवली. मुलगी आईचा बाहीत हरवलेला हात शोधून धरून राहिली. ती बापाकडे वळली नाही. कारकुनानं नावं पुकारली म्हणून सगळे आत गेले. सह्या झाल्या. साक्षीदार म्हणून मास्तरांनीही सही केली.

जेवायच्या टेबलावर मुलगी दोघांच्या मध्ये बसली. मास्तरांनी स्वतःच्या ताटात भात आणि उकडलेली भाजी वाढून घेतली. बायकोनं समोरच्या काचेच्या भांड्यातून एक आख्खा टोमॅटो उचलला, त्याला मीठ लावलं आणि हातात धरूनच चावा घेतला. रस मनगटावरून निळ्या कोटाच्या बाहीत शिरला. मास्तरांचा हात सवयीनं खिशातल्या रुमालाकडे गेला. तिनं पुसलं नाही, म्हणून त्यांनीही रुमाल काढला नाही. दुसरा टोमॅटो तिनं तितक्याच सावकाश खाल्ला. तिसरा घेताना तिची नजर मास्तरांच्या ताटाकडे गेली. ते भराभरा घास भरत होते, एकदाचं उरकावं आणि उठावं म्हणून.

"सावकाश चावा," ती मुलीच्या पलीकडून म्हणाली. "मग त्रास होतो तुम्हाला."

दीड वर्षाच्या सवयीनं ते तिच्या तोंडून गेलं असेल. तिनं पुढचा टोमॅटो उचलला. मास्तरांनी घास तोंडातच धरला, मान हलवली आणि चावत राहिले.